नळाच्या गाण्याची तिसरी ओळ

दादा तिसऱ्या ओळीवर आला, 'लांब' या शब्दावर त्याने आवाज सर्रकन वर नेला, आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "इथे मी पडायचे."

बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. रविवारची दुपार, साडेतीन वाजून गेलेले, बैठकीच्या खोलीत घरचे सगळे जमलेले, चार वाजता पाठ्यपुस्तक मंडळाच्या बाई यायच्या होत्या. आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी ही धाकटी सून संगीताच्या प्राध्यापकाला, थोरल्या दिराला, भर गाण्यात अडवत होती. दादाने पेटीवरचा हात तसाच ठेवून तिच्याकडे बघितलं.

"कुठे पडायचीस?"

"काही नाही हो. तुमचं चालू द्या."

"पडायची कसली, ही तर पहिल्या सुरापासूनच घसरायची," मोठी जाऊ म्हणाली आणि सगळे हसले. धाकटीचा नवराही हसला, अर्धवट, ओठ आवळून. लिफ्टच्या दुरुस्तीत त्याचा जन्म गेला, पण घरातल्या कुठल्याही वादात हा गृहस्थ स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असायचा.

धाकटीही हसली. एकतीस वर्षांची सवय होती.

हसले नाहीत ते एकटे नाना. पण नाना खिडकीपाशी आरामखुर्चीत, सत्त्याऐंशीचं वय, कानाला यंत्र. त्यांना ऐकूच गेलं नसेल असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आता नाना कोण, हे या घरात कुणी कुणाला सांगत नाही. ते बाहेरच्यांनी सांगायचं. नानांच्या आधी शाळेत गाण्याचा तास म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात मारलेला तास होता. शिवणाच्या बाई मोकळ्या असतील तर त्यांच्या, नाहीतर कवायतीच्या सरांच्या. गोड गळ्याची चार पोरं पुढे बसवायची आणि बाकीच्यांना सांगायचं, तुम्ही नुसते ओठ हलवा. नाना अकरा वर्षं वही घेऊन शाळा पालथ्या घालत हिंडले. सहा वर्षांच्या पोराचा आवाज कुठवर जातो, नऊ वर्षांच्या पोरीचा कुठे अडतो, शिक्षकालाच गाता येत नसेल तर त्याने काय करायचं, या प्रश्नांचा त्यांनी पिच्छाच पुरवला. त्यातून प्रबंध झाला आणि पुढे शिक्षकांसाठी बेचाळीस गाण्यांचं पुस्तक झालं. पहिले सहा महिने पेटीला हात लावायचा नाही. आपला सूर पोरांवर लादायचा नाही, त्यांच्या सुरात जाऊन उभं राहायचं. आणि वर्गातलं एकही पोर गप्प बसवायचं नाही. आज हे कुणालाही पटतं. तेव्हा मोठमोठ्या गवयांनी नानांना वेड्यात काढलं होतं.

त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. दोन वर्षं दादा त्यावर राबत होता. आज बाई येणार, नाना सही करणार आणि परवा पुस्तक छापायला जाणार, इतकं सरळ काम होतं. पण सकाळी ताईने प्रुफं चाळली आणि घरात दोन तट पडले. ताई म्हणजे दादाच्या पाठची, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. निवृत्त फक्त कागदावर.

"बेचाळीसपैकी सव्वीस गाणी बदललीस तू," ताई आता पुन्हा म्हणाली. "आणि नानांना पत्ता नाही."

"बदलली नाहीत. परत आणली." दादाने पेटीचा भाता बंद केला. "जुन्या वह्यांत मूळ चाली आहेत, ताई. सुरांच्या काय एकेक जागा आहेत. छापील पुस्तकात त्यांची पार सपाट जमीन करून टाकलीय. मंडळातल्या तेव्हाच्या लोकांनी हे सोपं करा, ते सोपं करा असं टुमणं लावलं असणार. नाना बोलले नाहीत कधी, पण मला कळतं. मुलगा आहे मी त्यांचा."

"मी काय दत्तक आहे?"

"तसं नाही गं. पण त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं खरं काम लोकांसमोर यावं, एवढीच इच्छा आहे माझी. किती दिवस आहेत अजून हातात?"

हे तो कळवळून बोलला, आणि त्याच्या कळवळ्यात खोट नव्हती. ताईलाही ते कळत होतं, म्हणूनच ती जास्त चिडली.

"बरं, चालींचं बाजूला ठेव. ह्या प्रस्तावनेत लिहिलंयस, 'नानांचा घरचा परीक्षक म्हणून मी जे जवळून पाहिले.' हा परीक्षक कधी झालास तू?"

"अगं, सत्काराच्या भाषणात नाना म्हणाले नव्हते का, माझ्या घरी एक परीक्षक आहे, त्याने पास केल्याशिवाय गाणं उंबरठा ओलांडत नाही?"

"म्हणाले होते ना. माझ्याकडे बघून म्हणाले होते."

"तुझ्याकडे? मी तुझ्या शेजारी बसलो होतो."

"तू तेव्हा परगावच्या कॉलेजात नोकरीला. चार दिवस सुट्टीत यायचास आणि जेवून झोपायचास. तू कुठली गाणी पास केलीस?"

"मला वाटलं आईबद्दल म्हणाले," धाकटीचा नवरा हळूच म्हणाला.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तो मान तिला द्यायला कुणाचीच ना नव्हती. मग मोठी जाऊ म्हणाली, "आता बाईंसमोर हे काढू नका म्हणजे झालं," आणि दोघा बहीणभावांनी एकमेकांकडे पाठ फिरवली.

धाकटीला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिलाही काही सांगायचं नव्हतं. ती कप मांडायला आत गेली. पण ती तिसरी ओळ डोक्यातून जाईना.

थेंब म्हणाला थेंबाला, नळात मी तर कंटाळलो, चल ना जाऊ लांब. तिसरीच्या पोरांचं गाणं. पुस्तकात हे 'लांब' तीन सुरांत खाली उतरतं, जिना उतरावा तसं. दादाने ते वर फेकलं होतं, आणि तसंच ते पहिल्यांदा नानांनीही फेकलं होतं. धाकटीला स्वच्छ आठवत होतं. लग्न होऊन महिना झाला असेल. संध्याकाळच्या चहाला सगळे बसलेले, आणि नानांनी हाक मारली, "धाकटे, जरा ये. हे म्हणून बघ." ओल्या हातांनी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नानांनी ओळ म्हटली, तिने तशी म्हणायचा प्रयत्न केला आणि 'लांब'वर तिचा आवाज कुठल्या कुठे गेला. सगळे खो खो हसले. सुट्टीवर आलेला दादा तर इतका, की चहा सांडला. नाना म्हणाले, "परत म्हण." मग पुन्हा "परत म्हण." मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बस, जा."

तिथून पुढे हे सुरूच झालं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. गाणारं घर, बोलून चालून. त्यात एक बेसूर सून आली, म्हाताऱ्याला करमणूक मिळाली, असं सगळे म्हणायचे आणि तिलाही तसंच वाटायचं. सासऱ्यांना नाही म्हणायचं तिच्या अंगात नव्हतं. ती यायची, म्हणायची, पडायची, परत जायची. पुढे लेक झाली. तिने लेकीला थोपटून झोपवलं, गोष्टी सांगून झोपवलं, अंगाई मात्र कधी म्हटली नाही. आपला आवाज पोरीच्या कानावर नको, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. लेक आता नोकरीनिमित्त दूर राहते. तिला वाटतं, आईला अंगाया पाठ नाहीत.

चारला पाच कमी असताना घंटी वाजली.

मंडळाच्या बाई पन्नाशी उलटलेल्या, काखेत फाईल, आणि आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. दादाने पुढे होऊन स्वागत केलं, ताईने खुर्ची दिली, पण बाई सरळ खिडकीकडे गेल्या, नानांच्या पाया पडल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"सर, मी तुमच्या सत्ताविसाव्या प्रशिक्षण वर्गातली. तुम्हाला आठवणार नाही."

"चेहरा नाही आठवत," नाना म्हणाले. "गाऊन दाखवलंत तर सांगीन."

बाई हसल्या. "गायला येत असतं तर रडत कशाला आले असते तुमच्याकडे?" मग खुर्चीवर बसून त्या सगळ्यांकडे बघत सांगू लागल्या. "नवी नवी नोकरी माझी. हेडमास्तरांनी गाण्याचा तास माझ्या माथी मारला. मी म्हटलं, सर, मला आरती सुद्धा जमत नाही. ते म्हणाले, मग पोरांना झोपवा. दोन आठवडे मी तासाला पाढे घेतले. मग दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे पहिलंच गाणं नळाचं. परत जाऊन चाळीस पोरांसमोर उभी राहिले, आणि म्हटलं. पोरं माझ्यासोबत म्हणायला लागली. सगळी. एक होता, वर्षभर वर्गात बोलला नव्हता, तोही. मी त्या दिवशी शिक्षिका झाले, सर. त्याआधी नुसता पगार घेत होते."

धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. हातात कपांची थाळी होती आणि चहा निवत होता, पण तिला पुढे जावंसं वाटेना. नळाचं गाणं, न गाणारी बाई आणि चाळीस पोरं. तिला त्या बाईंबद्दल एकदम माया वाटली.

"पण एक अडचण आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईल उघडली. "परवा प्रुफं आली. मी हौसेने पहिलंच गाणं म्हणून बघितलं, तर मला येईना. पंचवीस वर्षं शिकवलेलं गाणं, आणि मला येईना. ऑफिसातल्या चौघींना म्हणायला लावलं. चौघीही तिसऱ्या ओळीत आपटल्या."

दादा तयारच होता. त्याने वह्या काढल्या, पिवळी पानं उलगडून दाखवली, मूळ चाल म्हणून दाखवली. तो गायला तेव्हा खोली भरून गेली, हे कुणालाही कबूल करावं लागलं असतं. बाई मन लावून ऐकत होत्या. त्याचं झाल्यावर म्हणाल्या, "फार सुंदर. पण मला एक कळलं नाही. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय की सरांचे घरचे परीक्षक तुम्ही."

"हो, म्हणजे तसं," दादा ताईकडे न बघता म्हणाला.

"मग गोंधळ होतोय. सर प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगायचे, माझ्या घरी एक परीक्षक आहे, तिने पास केल्याशिवाय गाणं बाहेर जात नाही, आणि तिला गाता येत नाही. तुम्हाला तर इतकं छान येतं."

दादाने वही मिटली. आपलं नाव येईल म्हणून सावरून बसलेली ताईही खुर्चीत मागे टेकली. धाकटी मधल्या मधे बाईंच्या हातात कप देत होती.

बाईंनी नानांच्या कानाशी तोंड नेलं. "सर, त्या परीक्षक कोण हो?"

"कोण म्हणजे?" नाना म्हणाले. "ही काय. तुम्हाला चहा देतेय."

बाई उठल्याच. कप बाजूला ठेवून त्यांनी धाकटीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही? अहो, किती वर्षं तुम्हाला भेटायचं होतं मला. आम्ही तुम्हाला परीक्षकबाई म्हणायचो. एखादी ओळ जमली नाही की एकमेकींना सांगायचो, परीक्षकबाईंना आलीय म्हणजे आपल्यालाही येणार. तुमचे आभार कसे मानू? तुम्ही नसता तर मी दुसरी नोकरी धरली असती."

धाकटी बघतच राहिली. इतकी वर्षं कुठल्या कुठल्या गावच्या शिक्षिका आपल्याबद्दल बोलत होत्या, आणि आपल्याला त्याचा गंध नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, म्हणजे मलाही माहीत नव्हतं. मोठ्या जावेच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"धाकटे, जरा ये," खिडकीतून हाक आली. तीच हाक, त्याच सुरात. "दादाने म्हटली ती ओळ म्हणून बघ."

एकतीस वर्षं त्या हाकेला तिचे पाय आपोआप उचलले जायचे. आज उचलले नाहीत.

"नाही, नाना," ती म्हणाली.

नवऱ्याने चमकून वर बघितलं. नानांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी कानाचं यंत्र चाचपलं.

"आधी सांगा, कशासाठी म्हणायची," धाकटी जवळ जाऊन म्हणाली. "इतकी वर्षं म्हणत आले. आज तरी सांगा."

"तुला माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. खरोखरच चकित झालेला माणूस कसा बघतो, तसे. मग हळूहळू बोलायला लागले. "मी पहिली दहा गाणी केली ना, ती ह्या घरात सगळ्यांना यायची. तुझ्या सासूला, ताईला, दादाला. मी म्हटलं, झालं काम. घेऊन गेलो एका शाळेत. चाळीसपैकी सहा पोरं गायली. बाकीची चौतीस माझ्या तोंडाकडे बघत बसली. महिनाभर झोप नव्हती मला. काय चुकतंय ते कळेना. आणि तू ह्या घरात आलीस. भांडी लावताना काहीतरी गुणगुणत होतीस. दोन सूर बरोबर, तिसरा भलतीकडे. पण मजेत गात होतीस. मी मनात म्हटलं, हिला जे येईल ते त्या चौतीस पोरांना येईल. तू जिथे पडायचीस, तिथे गाणं चुकलेलं असायचं. तू नाही. गाणं."

"हे तुम्ही प्रशिक्षणात सांगत होतात."

"सगळीकडे सांगत होतो. मला वाटलं, घरात तर माहीतच आहे."

धाकटीला बसावंसं वाटलं, पण ती उभीच राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती आणि आजही तिने तो चढवला नाही. "नाना, माझ्या दुकानात रोज माणसं येतात. तक्त्यावरची खालची ओळ दिसली नाही की बिचारी ओशाळतात. मी त्यांना खुर्चीत बसवतानाच सांगते, ही परीक्षा तुमची नाही, काचेची आहे. मग ती मोकळेपणी सांगतात, दिसतं, नाही दिसत. एवढं एक वाक्य लागतं हो. मला ते कुणी म्हटलं नाही. सगळे हसायचे आणि मला वाटायचं, सगळ्यांना हसवण्यासाठीच तुम्ही मला बोलावता." ती थांबली. मग म्हणाली, "मी माझ्या लेकीला एक अंगाई म्हटली नाही. माझ्या आवाजाची लाज वाटायची मला."

ताईने डोळ्यांना पदर लावला. धाकटीचा नवरा उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. या माणसाने बाजू घेतली हीच मोठी गोष्ट होती.

"चुकलं माझं," अखेर नाना म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले, सुनेपुढे. "पोरांना गप्प बसवू नका म्हणून जगाला सांगत फिरलो आणि माझ्याच घरात एक आवाज गप्प झाला, तो मला ऐकू आला नाही. तेव्हा तर कान चांगले होते. हे पुस्तक तुझ्यामुळे झालं, बाळ. तुझे उपकार मी लाख लोकांसमोर मानले, तुझ्यासमोर मानायचे राहिले."

धाकटीने पटकन त्यांचे हात खाली घेतले. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी तिला काहीतरी शोधायचं होतं. ती मनातल्या मनात ते सगळे चहा आठवू लागली. दादाचं हसणं आठवलं, जावेचं, सासूबाईंचंसुद्धा. नानांचं हसणं काही केल्या आठवेना. आठवत होते ते पुढे वाकलेले नाना, पेन्सिल हातात, डोळे अर्धवट मिटलेले, तिच्या एकेका सुरामागे कान लावून बसलेले. इतकं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. माहेरी नाही, आणि नवऱ्याने तर नाहीच नाही.

"तुम्ही कधी हसला नाहीत," ती म्हणाली.

"हसण्यासारखं काय होतं?" नाना म्हणाले. "मी कामात होतो."

यावर धाकटीला रडता रडता हसू आलं. तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि दादाने म्हटलेली ओळ म्हटली. 'लांब'वर तिचा आवाज निघाला, अर्ध्यावर गेला आणि सवयीप्रमाणे भलतीकडेच जाऊन पडला. कुणी हसलं नाही. मग तिने छापील पुस्तकातली ओळ म्हटली. ती तीन सुरांत आरामात खाली आली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा मंडळाच्या बाई तिच्यासोबत म्हणू लागल्या, आणि आश्चर्य म्हणजे तिचा नवराही.

दादा मान खाली घालून बसला होता. "म्हणजे मंडळाने नाही," तो म्हणाला. "तुम्हीच बदलल्या चाली."

"मीच. आणि एकेक बदलताना फार मजा आली मला."

"नाना, मी इतका रियाज केला. मला वाटायचं, माझा गळा ऐकून तुम्ही..."

"तुझा गळा ऐकला की मला वाटतं, जन्माला आलो ते बरं झालं," नाना म्हणाले. "हे मी तुलाही कधी सांगितलं नाही वाटतं. पण तू कधी अडखळलाच नाहीस रे. मग पुस्तकात तुझा काय उपयोग? ह्या जुन्या चाली तू तुझ्या विद्यार्थ्यांना दे. त्यांच्यासाठीच त्या छान आहेत."

दादाने प्रुफांतून प्रस्तावनेचं पान काढलं, परीक्षकाच्या वाक्यावर पेन्सिल मारली आणि पान ताईपुढे सरकवलं. "इथे काय लिहायचं ते तू लिही. तुझी भाषा चांगली आहे."

"तू लिही," ताई म्हणाली. "मी शुद्धलेखन बघते." सकाळपासून पहिल्यांदा ती त्याच्याशी धड बोलली.

मंडळाच्या बाईंनी घड्याळ बघितलं. त्यांच्या हातात अजून दीड दिवस होता. सव्वीस गाणी, एकेक करून म्हणून बघायची, असं ठरलं. धाकटी सवयीने थाळी उचलायला गेली तर मोठ्या जावेने ती तिच्या हातून घेतली. "तू बस गं," ती पुटपुटली. "मी टाकते चहा. आणि मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस. अशी बरीच बोललेय मी, माहीत आहे मला." धाकटी बसली.

दादा ओळ म्हणायचा, धाकटी म्हणायची. अडली की दादा विचारायचा, "कुठे?" ती सांगायची. तो मूळ जागा खोडून छापील परत लिहायचा. खोडताना दर वेळी त्याला यातना व्हायच्या, ते तिला दिसत होतं. त्याने जीव ओतलेल्या जागा होत्या त्या. नाना डोळे मिटून ऐकत होते. पाच झाली, सहा झाली, आठ झाली. आठही नापास.

नववं गाणं सावलीचं होतं. शेवटी 'माझ्यामागे' या शब्दावर एक छोटं वळण होतं, वर जाऊन परत येणारं. दादाने ते म्हटलं आणि धाकटीने तोंड उघडायच्या आतच पेन्सिल खोडायला टेकवली.

धाकटीने म्हटलं. आवाज वर गेला, वळला आणि परत आला.

दादाची पेन्सिल थांबली. "परत म्हण," तो म्हणाला.

तिने परत म्हटलं. पुन्हा आलं. नानांनी डोळे उघडले. त्यांनी सगळं तिच्यावर सोडलं होतं.

"दादा, ही मला येते," धाकटी म्हणाली. "ही खोडू नका. तुमचीच राहू द्या."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस."

"नाही हो. पोरांना येईल ही. आणि आवडेल."

दादा त्या पानाकडे बघत राहिला. त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "उपकार झाले, परीक्षकबाई."

धाकटीने त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती. तिने पदर सावरला आणि खुर्चीत नीट बसली.

"पुढचं घ्या," ती म्हणाली.